उलट्या दाराची फियाट

नागपूरच्या लकडगंजात कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो आधी चंपतरावांकडे यायचा, आणि तो दारात दिसला की प्रेमिलाच्या कपाळाला आठी पडायची. आठी चहासाठी नव्हती. महापालिकेच्या शाळेत वर्गभर पोरं सांभाळणारी बाई ती, दोन कप चहा टाकायला कशाला कुरकुरेल? तिचा जीव जायचा तो पुढच्या गोष्टीनं. आलेला माणूस म्हणायचा, "चंपतराव, एकदा पाहून घ्या ना गा." आणि घरात साधी चप्पल घ्यायची तर बर्डीचा सगळा बाजार पालथा घालणारा तिचा नवरा उठून त्याच्याबरोबर जायचा, आणि चहा निवायच्या आत दुसऱ्याचा सौदा पक्का करून परत यायचा.

चंपतरावांची गाडी पाहायची रीत ठरलेली होती. बॉनेट ते बहुधा उघडतच नसत. आधी दार लावून पाहत आणि कान देत. मग पायाखालची चटई उचलून पत्र्यावर बोट फिरवत आणि त्या बोटाचा वास घेत. मग स्टीअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहत. आता यांच्या अंगात येतं की काय, असं शेजारच्याला वाटायला लागलं की ते उतरत आणि दोनपैकी एकच शब्द बोलत. "घे" किंवा "सोड". त्यावर ना कारण, ना स्पष्टीकरण. त्यांच्या "घे"वर घेतलेली गाडी रस्त्यात बसली असं कोणी सांगत नसे, आणि "सोड" म्हटल्यावरही घेणारे पुढे महिनाभर तोंड लपवून फिरत.

ही विद्या त्यांना एका शेठच्या आरामशीनवर, लाकूड कापायच्या कारखान्यात मिळाली. मौद्याकडच्या एका खेड्यातून पोरवयात आलेले चंपतराव तिथं आधी लाकडं मोजायचे. मग शेठची गाडी चालवू लागले, आणि होता होता लाकूडकापणीचा सगळा कारभारच त्यांच्या अंगावर आला. शेठला फियाटचा शौक होता. बाजारात जी नवी निघेल ती त्याच्या दारात उभी. त्यामुळे प्रत्येक फियाट चंपतरावांच्या हाताखालून गेली होती. पुढून डुकरासारखं नाक असलेली, जिला सगळे डुक्कर फियाटच म्हणत, ती पहिली. मग सिलेक्ट. मग सुपर सिलेक्ट. मग डिलाइट. ही नावं ते अशी घेत, जशी दुसरे लोक नात्यागोत्यातल्या बायकांची घेतात.

प्रेमिलाला यातलं काही कळत नसे आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तिच्या मते ती एकच गाडी होती. दर दोन-चार वर्षांनी तिचं नाक बदलायचं, दिवे हलवायचे, मागची शेपटी कमी-जास्त करायची आणि नवं नाव ठेवायचं. मग सगळ्या गावचे पुरुष बारशाला जमल्यासारखे जमून कौतुक करायचे. याचं त्याचं बारसं करत फिरणाऱ्या तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या दारात मात्र आजवर सायकलीशिवाय काही उभं केलं नव्हतं.

आणि गाडी तिला हवी होती. मिरवायला नव्हे. तिला तिच्या बापाला आपल्या घरचं पाणी पाजायचं होतं.

प्रेमिलाचे वडील नानाजी कुहीचे. धानाची थोडी शेती, जिभेला धार आणि जुन्या रीतीचा माणूस. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत त्यांच्या घरात चालत आलेली. नागपूरला बाजाराला आले की ते लेकीकडे यायचे, पण ओसरीवर बसायचे. बरोबर फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या, त्यात कुहीच्या विहिरीचं पाणी, आणि फडक्यात बांधलेली भाकर. घरात लेकीनं गरम भात टाकलेला, वरणाला फोडणी दिलेली, आणि बाप बाहेर बसून शिळी भाकर कांद्याबरोबर खातोय. शेजारच्या यमुताई कुंपणावरून पाहायच्या. प्रेमिलाला त्या तांब्याचा इतका राग होता की एकदा तिनं तो लपवून ठेवला. नानाजी तहानलेले गेले, पण लेकीच्या घोटाला शिवले नाहीत.

"पोरी, तुह्या घरी पाळणा हालला की पाणीच काय, पुरणपोळी खाईन," ते म्हणायचे. "तोवर माहा तांब्या बरा."

पाळणा काही हलला नाही. बर्डीतल्या डॉक्टरीणबाई झाल्या, मेयो इस्पितळातले डॉक्टर झाले, कोणीतरी सांगितलेला काढाही झाला. काही वर्षं गेल्यावर एका दुपारी त्याच ओसरीवर लेकीचं उतरलेलं तोंड नानाजींना पाहवेना. ते जावयाला म्हणाले, "जवाईबापू, असं करा. पाळण्याचं देवाच्या हाती. तुमी मोटार घ्या. घरची मोटार घेऊन मले कुहीले न्यायले या. घरात नवं काही आलं म्हंजे आलंच ना? मंग मी तुमच्या घरचं पाणी पितो. गावात कोणी काई म्हनलं तर मी पायतो त्याच्याकडे. पण भाड्याची नाई हं. घरची."

प्रेमिला तेव्हा आत जाऊन पदरात तोंड घालून रडली. रीत मोडायची नाही आणि लेकीला जिंकवायचंही, म्हणून म्हाताऱ्यानं मधला रस्ता शोधून काढला होता. आता फक्त गाडी घ्यायची होती, आणि नवरा तर गाड्यांचा राजा. दोघांचे पगार, मागं-पुढं कोणी खाणारं नाही. दिवाळीपर्यंत बाप घरात जेवेल असं तिनं धरलं होतं.

तिथून जे गुऱ्हाळ सुरू झालं ते संपेचना. एक चांगली सुपर सिलेक्ट चालून आली, तर चंपतराव म्हणाले, "थांब जराशी, नवं मॉडेल येऊन राहिलं." नवं मॉडेल आलं, डिलाइट. तर म्हणे, "पहिल्या वर्षाची गाडी घेऊ नोये. लोकायले चालवू दे, मंग पाहू." लोकांनी चालवली, गुळगुळीत चालवली. मग नव्या गाडीला नंबर लावला. तेव्हा नंबर लावून लोक म्हातारे व्हायचे, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. वर्षानुवर्षं ती यमुताईंचं "काय वं, आली का तुमची गाडी?" ऐकत राहिली. शेवटी नंबर आला, आणि या गृहस्थानं तो नत्थूजी कंत्राटदाराला देऊन टाकला.

"त्याच्या पोरीचं लग्न आहे," चंपतराव म्हणाले. "त्याले जास्त गरज होती."

"आन् मले?" प्रेमिला म्हणाली. "मले गरज नाई?"

ते सायकल पुसत बसले. तेवढ्यात डिलाइटचं नाव बदलून प्रेसिडेंट झालं आणि त्यांना पुन्हा हुरूप आला. आता नाव बदललं म्हणजे आतही काही बदललं असेल, पाहू. मग प्रेसिडेंटचीही झाली पद्मिनी. तेव्हा मात्र प्रेमिलाचा तोल गेला. पोळपाटावर लाटणं आपटून ती म्हणाली, "तुमी गाडी घेऊन राहिले का सून पाहून राहिले? सिलेक्ट काळी, डिलाइट भोळी, आता पद्मिनीचं कूळ पायतां का?" यमुताईंच्या घरापर्यंत आवाज गेला. चंपतराव हसले आणि "थोडी स्थिर होऊ दे तिले," म्हणून कामाला निघून गेले. त्या हसण्याचा तिला सर्वांत जास्त संताप आला.

दरम्यान नानाजी धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावरून घसरले. मांडीचं हाड जुळलं, पण पाय ताठ राहिला. गुडघा काही केल्या वाकेना. एसटीची पायरी चढणं संपलं, बाजार संपला, लेकीची ओसरीही संपली. बैलबंडीत निजवून रस्त्यापर्यंत न्यायची तयारी गावच्या पोरांनी दाखवली, तर म्हातारा त्यांच्यावर खेकसला. "मढ्यावानी निजून लेकीच्या दारी जाऊ काय बे?" प्रेमिला सुटीत कुहीला गेली की ते दारातल्या बाजेवर बसलेले असायचे, ताठ पाय पुढं काढून, आणि तिच्या मागं रस्त्याकडं पाहायचे. तोंडानं विचारायचे नाहीत. ते न विचारणं तिला टोचायचं. बाप सत्तरीच्या पुढं गेला होता आणि नवरा अजून दिवे आणि शेपट्या पाहत होता.

त्या वर्षी एप्रिलमध्ये शाळेच्या परीक्षा संपल्या. नवरा-बायको बर्डीला भांड्यांच्या खरेदीला गेले. प्रेमिलानं स्वतःसाठी एक स्टीलची किटली घेतली, घट्ट झाकणाची, दुधाला. येताना इतवारीतला कापडवाला रुपराव भेटला आणि त्यानं चंपतरावांना ओढतच धंतोलीला नेलं. एक म्हातारे वकील आपली गाडी विकायला काढत होते. प्रेमिला किटली हातात धरून मागं मागं. कपाळाला आठी होतीच.

निंबाच्या सावलीत सुपर सिलेक्ट उभी होती, राखी रंगाची. चंपतरावांनी दार लावलं, कान दिला. चटई उचलली, बोट फिरवलं, वास घेतला. मग आत बसून राहिले. नेहमीपेक्षा जास्त बसून राहिले. उतरले आणि रुपरावला म्हणाले, "घे."

रुपरावनं डोकं खाजवलं. "गाडी बम चांगली आहे गा. पण समोरचं दार पाहा ना, उलटं उघडते. जुन्या फॅशनचं. दुकानासमोर उभी केली तर लोकं हासतीन. पद्मिनीचं कसं, सुदं दार आहे." आणि वकीलसाहेबांना नमस्कार करून तो निघून गेला.

वकीलसाहेब चहाचं सांगायला आत गेले. प्रेमिला पुढं आली. समोरचं दार सगळ्या गाड्यांसारखं पुढून न लटकता मागच्या खांबाला लटकलं होतं. कपाट उघडावं तसं ते मागं गेलं आणि सीटची पुढची सगळी बाजू मोकळी झाली. तिनं किटली खाली ठेवली. गाडीकडं पाठ केली, सीटवर टेकली, आणि एक पाय काठीसारखा ताठ धरून गरकन आत वळवला. पाय कशालाही न अडता आत गेला. ती बाहेर आली आणि पुन्हा तसंच केलं.

"काय करून राहिली वं?" चंपतरावांनी विचारलं.

"बाबा बसतीन," ती म्हणाली. "आपण घेऊ."

"अवं, हे जुनं मॉडेल आहे. रेडिएटर उन्हात तापते हिचं. जराशी थांबलं तर—"

"तुमी आत्ता 'घे' म्हनलं का नाई?"

"ते रुपरावले म्हनलं."

"म्हंजे रुपरावले चालते, आन् माह्या बापाले नाई चालत!" तिचा आवाज चढला, वकिलांच्या घरात ऐकू गेला असेल, तिला पर्वा नव्हती. "लोकायच्या पोरींच्या वराती तुमच्या 'घे'वर निघाल्या. मले एक दिवस 'घे' म्हनलं नाई तुमी. काहून? आज सांगा. गाडीचं नका सांगू. नाक, दिवे, शेपटी काही नका सांगू. काहून ते सांगा."

चंपतराव रुमालानं गाडीची काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती. पुसता पुसता, तिच्याकडं न पाहता ते म्हणाले, "मामाजी म्हनले होते, पाळणा नाई तर मोटार. मोटार आणली म्हंजे आपण कबूल केलं, का आता पाळणा येत नाई. गाडी पाहाले जातो तवा वाटते, आज घेऊन टाकू. मंग सीटवर बसलो का हात थांबते. माह्याच्यानं होत नाई प्रेमिला. आणखी एक वर्ष वाट पाहू असं वाटते."

प्रेमिला पाहतच राहिली. इतकी वर्षं ती या माणसाशी मॉडेलवरून भांडत होती. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. हा माणूस सायकल पुसत, हसत, सिलेक्ट आणि डिलाइट करत एकटाच हे ओझं घेऊन फिरला होता आणि तिला एका शब्दानं बोलला नव्हता.

"आईनं दिलेला पाळणा माळ्यावर होता ना," ती म्हणाली. "तो यमुताईच्या सुनेले देऊन टाकला मी. कवाच. तुमी वर पाहिलं का कधी?"

त्यांनी मान हलवली. पाहिलं नव्हतं.

"मी त्या दिवशी रडून घेतलं आन् भात टाकला. तुमाले वाटलं मी वाट पाहून राहिली. मले वाटलं तुमाले गाडी पसंत पडून नाई राहिली. आता पाळण्याची वाट पाहणारे तुमी एकटेच. माहा बाप मात्र जिवंत आहे, अन् तो रस्त्याकडे पाहून राहिला."

वकीलसाहेब चहा घेऊन आले तेव्हा एक बाई डोळे पुसत होती आणि तिचा नवरा रुमालाची घडी घालत होता. "काय ठरलं?" त्यांनी विचारलं. चंपतरावांनी एकदा बायकोकडं पाहिलं आणि म्हणाले, "घेतो."

गाडी आली म्हणून प्रेमिलाचा वैताग संपला असं कोणी समजू नये. कुहीला निघायच्या सकाळी ती किटली शोधत होती. मिळाली ती गाडीत. तिच्या नव्याकोऱ्या किटलीत चंपतरावांनी मोरीतल्या नळाचं पाणी भरून ती सीटखाली ठेवली होती. रेडिएटर तापला तर लागेल म्हणून.

"दुधाची किटली ते!" ती म्हणाली.

"झाकण घट्ट आहे वं तिचं. डबे सगळे गळतात."

उमरेड रोडला लागेपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. पाचगाव मागं पडलं, कुही फाट्यावर गाडी वळली, दोन्ही बाजूंनी कापलेल्या धानाची कोरडी शेतं पसरली होती, आणि इंजिन तापल्याचा काटा हळूहळू वर चढत होता. गावात शिरताना बॉनेटमधून वाफ निघत होती. नानाजी बाजेवर बसलेले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, मांडीवर तोच पितळी तांब्या. निरोप आधीच गेला होता, बहुतेक पहाटेपासून बसले असावेत.

गावची माणसं जमली. कोणीतरी दाराकडं बोट दाखवून म्हणालं, "कारखान्यानं उलटं लावलं का हो दार?"

"माह्यासाठी लावलं," नानाजी म्हणाले. जावयाच्या खांद्यावर हात ठेवून ते गाडीपर्यंत आले, पाठमोरे झाले, सीटवर टेकले, आणि ताठ पाय सरळ आत घेतला. कुठं अडला नाही. मग सीटच्या पाठीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. प्रेमिलाला वाटलं, दमले.

"पाणी दे पोरी," ते म्हणाले.

ती घरातल्या रांजणाकडं धावली. "तिथलं नोहे," मागून आवाज आला. तिनं वळून पाहिलं. नानाजी सीटखाली वाकून पाहत होते. "या किटलीत काय आहे?"

"रेडिएटरचं पाणी आहे मामाजी," चंपतराव ओशाळून म्हणाले. "गाडीसाठी आणलं."

"कुठचं?"

"घरच्या नळाचं."

"मंग तेच दे."

"बाबा, घरी गेल्यावर प्या ना," प्रेमिला म्हणाली. तिनं घरी माठ भरून ठेवला होता, वाळा टाकला होता, फुलपात्र घासून ठेवलं होतं. "माठाचं थंड पाणी आहे. हे तापलं असन."

"तुह्या घरी जाईपर्यंत मी टिकलो तर तेही पितो. गाडी घरची, पाणी घरचं. आणखी काय पायजे?"

तिच्या हातून झाकण निघेना. चंपतरावांनी काढून दिलं. सगळ्या गावासमोर नानाजींनी किटली वर धरली आणि धार तोंडात सोडली. पाणी चांगलंच कोमट असणार. गळ्याची घाटी वर-खाली होत राहिली, थोडं सदऱ्यावर सांडलं, आणि ते थांबेचनात. प्रेमिला दाराला धरून उभी होती. इतकी वर्षं तिनं हा घोट मनात पाहिला होता, आणि त्यात माठ होता, फुलपात्र होतं, ताट होतं. रेडिएटरची किटली कधीच नव्हती.

नानाजींनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मग मांडीवरचा पितळी तांब्या उचलून जावयापुढं धरला.

"तुमच्या गाडीचं पाणी मी पेलो. हे घ्या, तिले माह्या विहिरीचं पाजा."

चंपतरावांनी बॉनेट उघडलं. रुमाल धरून रेडिएटरचं झाकण जपून फिरवलं, वाफ जाऊ दिली, आणि फिरकीचा तांब्या उघडून सगळं पाणी आत ओतलं.  ते बराच वेळ बॉनेटमागून बाहेर आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते आणि त्यांना काहीतरी बोलायचं होतं.

"मामाजी," ते म्हणाले, "पद्मिनीचा रेडिएटर म्हनतात इतका तापत—"

"चालवा आता!" प्रेमिला मागच्या सीटवरून ओरडली, आणि रिकामा तांब्या तिनं आपल्या पिशवीत घातला.